पेत्रा किती हात खोल?

दगडांच्या राशीतला एक दगड काढावा तर चार आपणहून घरंगळत येतात. चंद्रपूरच्या आमच्या गुरुवारच्या वचनसभेच्या आठवणींचेही तसेच आहे.

*

गोष्ट ऐंशीनंतरच्या वर्षांतली. माझे बालपण अभंगांत गेले, बाप्तिस्मा पुढे झाला. टाळ मात्र हातीच राहिले. त्यामुळे सभेत आधी भजन, मग वचन आणि मग वाद असा क्रम असे.

एका सकाळी पाळकसाहेबांनी सांगितले की ग्रीक शुभवर्तमानात प्रभूच्या पेत्र नावाच्या शिष्याला 'पेत्रोस' म्हटले आहे, म्हणजे उचलता येणारा दगड. आणि ज्यावर प्रभू आपली मंडळी, म्हणजे चर्च, रचणार तो 'पेत्रा', म्हणजे भूमीतला अखंड खडक. बांधकाम समितीचे अध्यक्ष हेडमास्तर उसळले. प्रभू अरामी बोलत, तिथे दोहोंना 'केफा' हा एकच शब्द, असे त्यांचे म्हणणे. दुपार झाली तरी निकाल लागेना.

पाळकीणबाई दारात आल्या. "खडक कोनताबी असो जी, वरन थंडं होऊन राह्यलं!"

*

सभेच्या कोपऱ्यात दौलतभाऊ गवंडी बसत. जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याचे प्रार्थनाघर त्यांनीच काळ्या मातीवर बांधले होते आणि तिसऱ्या पावसाळ्यात ते कोसळले. कुणाला इजा झाली नाही, पण त्यानंतर त्यांना साधा ओटाही कुणी बांधायला सांगेना. तेच घर पुन्हा उभारण्याची एक संधी समितीने त्यांना दिली होती.

पुढच्या एका गुरुवारी लूकच्या शुभवर्तमानातले वचन निघाले: घर बांधणाऱ्याने खोल खणून खडकावर पाया घातला. तिथेही 'पेत्रा'च. आम्ही श्रद्धेवर बोलत असता दौलतभाऊंनी विचारले, "किती हात खोल, थे लिवलं नाई का जी?"

पाळकसाहेबांनी ग्रीक पोथी पाहिली. लिहिलेले नव्हते.

"मंग खनूनच पाहा लागते."

*

पोंभुर्ण्यात दौलतभाऊंनी पाया खणायला घेतला. सहा हातांवर मुरूम लागला. हेडमास्तर म्हणाले, पुरे. बिशपसाहेब रविवारी कोनशिलेसाठी येणार. शनिवारपर्यंत पायाचा खड्डा तयार नसेल तर दुसरा गवंडी आणू, असेही त्यांनी बजावले. दौलतभाऊ खड्ड्यातून वर आलेच नाहीत. सब्बल, म्हणजे पहार, आपटायची, कान द्यायचा, पुन्हा खणायचे.

शुक्रवारी नऊ हातांवर सब्बल खणखणली. पाळकसाहेब काठावरून हलकेच म्हणाले, "पेत्रा."

"नाव तुमी ठेवा जी," खालून उत्तर आले, "मी सिमिट कालवतो."

*

रविवारी वृद्ध बिशपसाहेब झगा सावरत शिडीने खाली उतरले. वर आमचे भजन चालू होते. ते परतले तेव्हा गुडघे मातीने माखलेले. त्यांनी खाली कोणती प्रार्थना केली, असे मी त्यांच्याबरोबर खाली असलेल्या दौलतभाऊंना विचारले.

"प्रार्थना मंग केली. पयले सब्बल मांगतली."

*

हेडमास्तरांनी कोनशिला कोरून आणली होती. वर बिशपसाहेबांचे नाव, खाली स्वतःचे. बिशपसाहेबांनी तिला हात लावला, आशीर्वाद दिला आणि सगळे चहाला गेले. शिला बसवण्याचे काम दौलतभाऊंकडे.

चहा पिऊन आम्ही परत येतो तो खड्ड्यात शिलेची अक्षरे खाली आणि खडबडीत पाठ वर! हेडमास्तरांचा चेहरा उतरला. दौलतभाऊंनी शांतपणे सांगितले, पायाच्या दगडाची सपाट बाजू खडकावरच बसते; खडबडीत वर असली तरच पुढचा थर धरतो. आता ती उपटली तर पाया हलेल, आणि ह्या खेपेला ते पाया हलू देणार नाहीत.

"अरे दौलत, मग माझं नाव वाचणार कोण?"

दौलतभाऊंनी थापी पुसली.

"ज्याच्यावर टेकवलं, त्यानं वाचलं जी."