टेकडीला हात जोडले आणि चाकं राहिली

विमान चालवणाऱ्याने देवावर किती भरवसा ठेवावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या सकाळपर्यंत मात्र मी जरा जास्तच ठेवत होतो.

मी ज्यांच्याकडे वैमानिक होतो त्या सेठजींचं छोटं विमान धारहून देवासला एकट्यानेच न्यायचं होतं. देवासची टेकडी दिसली की तिच्यावरच्या देवीला हात जोडायचे, हा माझा जुना नेम. चाकं खाली घेण्याची वेळही नेमकी तीच. रोज आधी चाकांचा लिव्हर, मग नमस्कार. त्या दिवशी मुलीच्या लग्नाची काळजी डोक्यात होती, म्हणून नमस्कार आधी केला आणि तो लांबला. चाकं राहिल्याची सूचना देणारा भोंगा वाजू लागला. मला वाटलं, टेकडीवर आरती सुरू झाली. इंजिनाच्या आवाजात ती ऐकू कशी येईल, हे सुचलं नाही. उलट डोळे भरून आले.

मग विमान पोटावर बसलं, घासत गेलं आणि गवतात थांबलं. मला खरचटलंही नाही. बाहेर येऊन टेकडीच्या दिशेने धुळीतच साष्टांग नमस्कार घातला, उठून सेठजींना फोन केला आणि म्हणालो, “चाकं बाहेर आलीच नाहीत.” यात एक शब्द खोटा नव्हता. सेठजी म्हणाले, तुम्ही वाचलात हेच पुष्कळ, त्या कैलासला आजच काढतो. कैलास आमचा मेकॅनिक. मी ‘बरं’ म्हणालो. त्या ‘बरं’ची लाज अजून गेलेली नाही.

तेवढ्यात शेळ्या चारणारी एक म्हातारी आली. विमानाभोवती फिरली, वाकून पोटाखाली पाहिलं आणि मला म्हणाली, “भिया, बगलो बी उतरे तो पेलां पग काड़े. तम भूली गया कंई?”

बगळाही उतरताना आधी पाय काढतो, तुम्ही विसरलात का, हा टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. चौकशीला येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी मनात जुळवलेलं उत्तर तिच्यापुढे चालेना. म्हणालो, “हो माय, भूली गयो.”

एकदा तोंडातून निघाल्यावर दुसऱ्यांदा सांगणं जमलं. सेठजींना पुन्हा फोन लावला. कैलासची नोकरी राहिली. पुढे सेठजी माझ्याबद्दल जे बोलले, ते देवीच्या अनुभवात लिहिण्याजोगं नाही.

दुपारी कैलास मोटरसायकलवर आला. त्याला ‘बरं’सकट सगळं सांगितलं. विमानाखालून डोकं बाहेर न काढताच तो म्हणाला, “म्हणजे सर, मी अर्धा तास बेकार होतो आणि बायकोला पत्ताच नाही. तिला सांगू नका, उगाच घाबरेल.” मग त्याने आपल्या डब्यातली अर्धी पोळी मला दिली.

माझा परवाना सध्या स्थगित आहे. टेकडीवर भेटणारे लोक चमत्कार ऐकवा म्हणतात. मी म्हातारीचं सांगू लागतो, त्यांना विमानाचं ऐकायचं असतं. देवीवर भार टाकला की आपण सुटलो, असं मी समजत होतो. तिने माझा जीव राखला, चूक मात्र माझ्याकडेच परत पाठवली, आणि ती कबूल करवून घ्यायला माणूसही धाडलं. दोन्हींसाठी मी तिचा ऋणी आहे. दुसऱ्या उपकारासाठी जरा जास्त.