रक्तातलं शिसं

गरोदर बायकांच्या ओपीडीत सिस्टर म्हणून पंधरा वर्षं काढली मी. केसपेपर फायलीत जातात, किस्से मात्र डोक्यातच साठतात! सगळ्यात जास्त साठले ते आमच्या डॉक्टर मॅडमनी शिशाची तपासणी सुरू केली तेव्हाचे. शहरातल्या काही गल्ल्यांत जुन्या बॅटऱ्या फोडून घरातच शिसं वितळवतात. ते आईच्या रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. बाळाचं वजन भरत नाही, मेंदूलाही धोका. आणि हे सगळं बायकांना न घाबरवता विचारायचं काम कुणाकडे? माझ्याकडे!

*

चितेगावची सुनीता, पाचवा महिना. मी विचारलं, "घरात शिसं आहे का गं?"

"व्हय की! पोराच्या दप्तरात दोन शिसपेन्सिली हायेत. फेकून देऊ?"

"अगं, त्यात नुसतं नावालाच शिसं असतं."

तिचा जीव भांड्यात पडला. मग हळूच म्हणाली, "मंग पाटीवरची पेन्सिल चालंल ना? रोज चार खाते मी!"

*

शबानाचा नवरा रफीक बॅटऱ्या फोडायचा. सहाव्या महिन्यात तिच्या रक्तात शिसं फार निघालं. मी माझ्या हिंदीत सांगून टाकलं, "शबाना, तुम्हारे खून में शीशा है."

हिंदीत शिशाला सीसा म्हणतात आणि शीशा म्हणजे काच, हे मला कुठं ठाऊक!

ती बाकावर बसली ती हलेचना. पाणी घेईना, पायही हलवेना. अर्ध्या तासानं मी वैतागले, "अरे, उठो ना!"

"नक्को सिस्टर, मैं हिली तो बच्चे कू चुभेंगा!"

मला तिथंच रडू आलं.

*

मॅडमनी रफीकला झापलं, "भट्टी घरातून बाहेर काढायची. आजच्या आज!"

पुढच्या तपासणीला स्वारी खुशीत. "मॅडम, निकाल दी!"

"शाब्बास! कुठं नेली?"

"छत पे!"

शबाना कपडे वाळत घालायची ते तिथंच. मॅडमनी तिला त्याच दिवशी कन्नडला माहेरी धाडलं.

*

त्या दिवसांत माझीही झोप उडाली होती. घरी आले की हळदीचा डबा हुंग, भिंतीच्या रंगाचा पोपडा हुंग.

मिस्टर म्हणाले, "काय चाललंय?"

"शिसं शोधतेय. भेसळीच्या हळदीत असतं, जुन्या रंगातही!"

"त्याला वास असतो?"

"नसतो! तीच तर भीती आहे ना!"

*

शबानाला मुलगी झाली. वजन जेमतेम, पण रडली खणखणीत. दोघींचं रक्त तपासायला गेलं. आईचा रिपोर्ट आधी आला, पोरीचा यायचा होता. तो कागद घेऊन मी वॉर्डात अक्षरशः पळत गेले.

"शबाना, तेरा बहुत कम हो गया! पहले से आधा!"

मला वाटलं, आता तरी ही हसेल. तिनं मांडीवरच्या पोरीकडं पाहिलं.

"तो बाकी का किधर गया, सिस्टर?"