नार्सिसाने मोजलेला पाव सेकंद

क्वेंका शहरातल्या आमच्या फरशीच्या कारखान्यात रोसेंदो चिंबोची उजव्या हाताची दोन बोटं फरश्या दाबणाऱ्या प्रेसखाली गेली. तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस दवाखान्यात कागद घेऊन हजर: 'अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला.' वर म्हणतो, डाव्या हाताने सही केली तरी चालेल.

त्या प्रेससमोर प्रकाशाचा पडदा होता. हात आत गेला की तळहाताएवढ्या संगणकाच्या एका पिनेला इशारा जायचा, आणि दुसऱ्या पिनेतून त्याने प्रेस थांबवायचा. पूर्वी तिथे साधा रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच होता. इंजिनियर ओर्दोन्येसने तो काढून हा संगणक बसवला, कारण हाच फरश्याही मोजायचा आणि ऑफिसला आकडेही पाठवायचा.

नार्सिसा किश्पी आमच्याकडे बिघडलेले बोर्ड दुरुस्त करायची. कमी बोलायची. कागदाचं ऐकलं तेव्हा मात्र म्हणाली, "जो माणूस जेवताना मिरचीची वाटीसुद्धा झाकून ठेवतो, तो निष्काळजी?"

तिने तंत्रशाळेतल्या जुन्या मास्तरांकडून विजेचे इशारे पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप मागून आणला. रविवारी प्रेस बंद असताना एका पिनेला इशारा द्यायचा आणि दुसरीचं उत्तर किती वेळात येतं ते बघायचं, असं दहा हजार वेळा केलं, मधूनमधून संगणकाला ऑफिसला आकडेही पाठवायला लावून. मी, स्टोअरचा माणूस, शेजारी बसून नोंदी घेत होतो. जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत आलं. सात वेळा मात्र पाव सेकंद लागला. तेवढ्यात प्रेस पूर्ण खाली येतो. आणि ते सातही वेळा संगणक ऑफिसला आकडे पाठवत होता. रोसेंदोची बोटं गेली तीही पाळी संपता संपता आकडे जातानाच.

सोमवारी ओर्दोन्येसने आमच्या नोंदींचा कागद पाहिला. "सरासरी किती?"

"सरासरी उत्तम आहे, इंजिनियर."

"मग तेवढीच लिहा, नार्सिसाबाई. दहा हजारात सात म्हणजे काहीच नाही."

"बोटं सरासरीने तुटत नाहीत."

"तुम्ही बोर्ड दुरुस्त करता. इंजिनियर मी आहे."

"म्हणूनच हे तुम्ही आधी मोजायला हवं होतं."

त्याने एकदाही मोजलं नव्हतं. माणसांचे हात ज्याच्या भरवशावर आत जायचे, ते एकदाही तपासलं नव्हतं. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

नार्सिसाने कामगार निरीक्षकाला बोलावलं. वाद घातला नाही. ऑफिसला आकडे पाठवायला लावले आणि लाकडी चिमट्यात धरून मक्याचं कणीस पडद्यातून आत सारलं. दोनदा प्रेस थांबला. तिसऱ्यांदा कणसाचा लगदा झाला. निरीक्षकाने तिथल्या तिथे प्रेसला सील ठोकलं.

रिले परत आला. रोसेंदोचा कागद कंपनीने मुकाट मागे घेतला आणि त्याची पेन्शन मंजूर झाली. नार्सिसाचा करार मात्र पुढे वाढवला नाही. 'आता गरज नाही,' एवढंच कळवलं.

ओर्दोन्येस अजून आहे. सुरक्षा दिनाच्या जेवणात उभा राहून सांगत होता, रिले परत बसवण्याची कल्पना त्याला कशी सुचली ते. पाहुणा म्हणून बोलावलेला रोसेंदो ताट तसंच ठेवून उठला. मग मी उठलो. मग प्रेसवरची सगळी पाळी.