तार तर तुटलेली होती...

आधीच सांगतो, भूतखेत, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही. आमच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला तेव्हाच हे सगळं सोडलं. मी सेलूला टेलिफोनचा लाइनमन होतो. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

नामांतराच्या दंगलीचे दिवस. माझं गाव जिंतूरच्या अंगाला — नाव नको. गावात एकच फोन, पोस्टातला. त्याच्या तारा गावापासून दोन-तीन मैल वेगळ्या खांबांवरून यायच्या, पुढं मात्र सेलू-परभणी लाइनीच्याच खांबांवर. तारा अशा शेजारी धावल्या की एकीतलं बोलणं दुसरीत झिरपतं. त्याला आम्ही क्रॉसटॉक म्हणतो. ते थांबवायला ठरावीक खांबांवर तारांच्या जागा अदलाबदल कराव्या लागतात. ते काम मी त्याच आठवड्यात पुरं केलं होतं. कान लावून तपासलं — लाइन स्वच्छ.

एका दुपारी आमच्या ऑपरेटर नलूताईंना परभणीच्या लाइनीवर मधेच एका बाईचा आवाज आला. गावाचं नाव घेऊन म्हणाली, "आमच्या वस्तीला घेरायलेत. हिरीच्या अंगानं यायलेत. पोलीस धाडा, लवकर!"

"कोण बोलतंय?" नलूताईंनी विचारलं. तेवढ्यात आवाज तुटला. त्यांनी लगेच पोलिसांना कळवलं, मला हाक मारली. मी त्याच जीपमध्ये चढलो. वस्तीत माझी आई होती...

आम्ही पोचलो तेव्हा विहिरीकडून माणसं येत होती, हातात रॉकेलचे डबे. जीप दिसताच पांगली. एकही घर जळलं नाही.

मी पोस्टाकडे धावलो. कुलूप! मास्तर सकाळीच परगावी गेलेले. लाइनीनं चालत गेलो, तर गावाबाहेर चार खांबांमधली तारच कापून नेलेली.

"सकाळीच कापली," वस्तीत परतलो तेव्हा आई म्हणाली. "म्या सोता पाह्यलं."

"मग फोन कुणी केला?"

"आमी समद्या दारं लावून बसलो व्हतो. फोन कसा धरतेत ते बी कुनाला ठावं न्हाई."

दुसऱ्या दिवशी गावातले म्हणू लागले, वेशीवरची देवी बोलली, नारळ फोड. ज्या देवळाची पायरी आम्हाला कधी चढू दिली नाही, त्या देवळात! मी साफ नाही म्हणालो.

ऑफिसात साहेबांनी रिपोर्ट पुढं सरकवला. "कारण — क्रॉसटॉक. लिही आणि मोकळा हो."

"चार खांबांची तारच नव्हती साहेब. गावातला आवाज इथवर आला कशातून, वाऱ्यातून? मी खोटं लिहिणार नाही."

"मग काय लिहितोस?"

"कारण माहीत नाही, असं."

तसंच लिहिलं, खाली सही केली. महिन्याभरात पूर्ण्याला बदली झाली. गेलो. पुढं किती इंजिनियरांना विचारलं... कुणालाच उलगडा करता आला नाही. मलाही नाही.

निघताना आईनं बजावलं होतं, "देवीच्या नावावर घालू देऊ नको. बाई व्हती ती. आपल्यासाठी वरडली."

कोण बाई, कुठून बोलली, देव जाणे असंही मी म्हणणार नाही. माहीत नाही. पण देवी म्हणणाऱ्याला मी आजही मधेच अडवतो.