ताईंनी आइसक्रीम गिळलं

आइसक्रीमवाल्या ताईंच्या हाताला चव होती, पण पोटाला ती मंजूर नव्हती. तिशी ओलांडली आणि त्यांना दूध पचेनासं झालं. चमचाभर आत गेलं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, आणि ताई दुकान नवऱ्यावर टाकून घर गाठायच्या. डॉक्टर म्हणाले, दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तुम्हाला सोसत नाही. तेव्हापासून ताई प्रत्येक नवं आइसक्रीम जिभेवर घोळवून बेसिनमध्ये थुंकायच्या. उरलेली चव नवऱ्याने सांगायची. पण त्याचं एकच उत्तर, "झकास!" एकदा साखर घालायचीच राहिली, तेव्हाही झकासच!

त्यांच्या धाकट्या भावाचं दुखणं याहून वाईट. त्याला दुधाची अ‍ॅलर्जी. शाळेत असताना केकचा एक घास खाल्ला तर ओठ सुजले, श्वास अडकला, हॉस्पिटलात न्यावं लागलं. आता तो कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मोटारी दुरुस्त करायचा, पण बहिणीच्या दुकानाची पायरी कधी चढायचा नाही.

एका दुपारी एका कंपनीची बाई डबा घेऊन आली. म्हणाली, "ताई, हे दुधाचं प्रथिन. पण गाईचं नाही."

"मग म्हशीचं?"

"कुणाचंच नाही. आम्ही यीस्टला ते करायला शिकवलंय. मोठ्या स्टीलच्या टाकीत तयार होतं. यात लॅक्टोज नाही."

ताईंनी डब्यात नाक खुपसलं. मग पदर खोचला, त्या पावडरीत पाणी, साखर, तेल आणि व्हॅनिला घालून मिश्रण घोटलं आणि मशीन सुरू केलं. नळीतून पहिली मऊ, पांढरी वळी उतरली तशी त्यांनी चमचा भरला. सवयीने बेसिनकडे वळल्या. वळल्या आणि थांबल्या.

आणि गिळलं!

"अहो, गिळलं मी!" त्या ओरडल्या. नवरा धावत आला. तोवर ताईंनी अख्खी वाटी फस्त केली होती. मग तिघंही ताईंच्या पोटाकडे बघत बसले. चहा झाला, गिऱ्हाइकं येऊन गेली. पोट शहाण्यासारखं गप्प!

ताईंनी आनंदाने फोन उचलला. "अरे, हातातला पाना टाक आणि ये पळत! गाईचं नाव नाही त्यात, आज तुला आइसक्रीम खायचंय!"

फोन खाली ठेवतात तोच कंपनीची बाई उठून उभी राहिली. "कुणाला बोलावलंत?"

"भावाला. दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्याला."

"नाही, ताई! अजिबात नाही! अ‍ॅलर्जी साखरेची नसते, प्रथिनाची असते. आणि हे प्रथिन हुबेहूब दुधातलंच आहे. गाय नसली म्हणून काय झालं!"

भाऊ समोरचा रस्ता ओलांडत होता, दोन्ही हात हलवत, हसत. ताई तशाच धावल्या आणि दारात दोन्ही हात पसरून त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या. "मागे हो! चुकले रे मी!"

त्याने सगळं ऐकून घेतलं. "हात्तिच्या! म्हणजे तुझी मजा, आणि मी कोरडाच?"

"कोरडा कशाला राहशील?" ताई म्हणाल्या. डोळे भरले होते, पण आवाजात जिद्द होती.

त्यांनी नव्या आइसक्रीमपुढे ठळक पाटी लावली: यात दुधाचं प्रथिन आहे. मग घरी नवं पातेलं, नवे चमचे, छोटं नवं मशीन आणलं. दुधाचा कणही लागू नये म्हणून दुकानातला एप्रन त्या दुकानातच ठेवून यायच्या. ओट्स आणि काजू भिजवून वाटले. पहिला प्रयत्न भावाने चाखला आणि म्हणाला, "वाळू घातलीस का गं?" दुसरा दगडासारखा गोठला. ताई हटल्या नाहीत. नारळाचं दूध घातलं, बारीक गाळलं, पुन्हा घोटलं.

तिसऱ्या वेळी भाऊ नुसता खात राहिला.

"अरे, बोल की!"

त्याने वाटी पुढे केली. "आधी वाढ. मग बोलतो."

ताईंनी त्याला वाढलं, स्वतःलाही वाढलं, आणि बहीण-भाऊ आयुष्यात पहिल्यांदा एकाच डब्यातलं आइसक्रीम खायला बसले.