दगडाबाईनं शोधलेला भाऊ

दगडाबाईला नको तितक्या चौकशा. औरंगाबादेत तेव्हा विद्यापीठाच्या नावावरून रान पेटलं होतं. एका भिंतीवर नामांतर झालंच पाहिजे, तर समोरच्या भिंतीवर होऊ देणार नाही. बाईला वाचता येत नव्हतं. ती येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून दोन्ही भिंती वाचून घ्यायची आणि वर विचारायची, तुमचं काय म्हणणं? लोक काढता पाय घ्यायचे.

अशा बाईला काम मिळालं ते नेमकं छावणीतल्या ख्रिस्ती सिस्टरांच्या घरात. स्टेशनवर, धान्याच्या मोंढ्यात बेवारस पडलेली माणसं तिथं आणत, न्हाऊ घालत, जेवू घालत. दगडाबाई भाकऱ्या थापायची. लासूर स्टेशनकडची ही धनगराची लेक. मेंढरं विकून नवरा त्रिंबक चिकलठाण्याला कारखान्यात हमालीला लागला, त्याच्यामागं तीही शहरात आली. सिस्टर मार्थांचा नियम एकच होता: आलेल्याला काय दुखतंय ते विचारायचं, कोण-कुठला ते नाही. या नियमानं दगडाबाईचा जीव मेटाकुटीला यायचा. हे लोक पाणी शिंपडून माणसं बाटवतात असं तिनं ऐकलं होतं. ते कधी शिंपडतात हे बघायला ती दाराआड टपून बसायची; शिंपडलं जायचं ते फक्त फिनेल. तरीही ती आपली भाकरी घरून आणायची आणि बाजूला बसून खायची. कोण कोणत्या जातीचं, कुणी सांगावं.

एका हिवाळ्यात स्टेशनवरून एका म्हाताऱ्याला आणलं. त्याला ऐकू यायचं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. खाट दिली तर तो उठून दारात, उंबऱ्याशी आडवा झोपायचा. सिस्टरांना वाटलं, आत गुदमरत असेल. दगडाबाईच्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. तिचा बाप मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी असाच झोपायचा, लांडगा आत शिरू नये म्हणून. म्हातारा आपल्यातलाच, हे तिनं ठरवूनच टाकलं.

मग ती त्याच्याशेजारी बसून आपली भाकरी अर्धी मोडून द्यायला लागली. त्याला दादा म्हणू लागली. तिला सख्खा भाऊ नव्हता, आणि ते तिला जन्मभर सलत होतं. भाऊबिजेला म्हाताऱ्यानं मान वाकवून टिळा लावून घेतला तेव्हा ती पदरात तोंड लपवून रडली.

पण दादाचं गाव कोणतं, याचा छडा लागल्याशिवाय तिला चैन कुठली? सिस्टरांचा नियम घरात, बाहेर थोडाच! भाजीवाल्या, रिक्षावाले, वाळूजच्या गाडीची वाट बघणारे कामगार, सगळ्यांना तिनं दादाचं वर्णन ऐकवलं. उंच, मुका, उजव्या कानाची पाळी तुटलेली.

शेवटी वाळूजला कंपनीत असलेला कचरू नावाचा एक तरुण आला. म्हाताऱ्याला बघताच त्यानं पाय धरले. हा त्याचा हरवलेला चुलता. दगडाबाईनं ऐटीत सांगितलं, दारात झोपायची खोड बघून धनगर कसा आपण पहिल्याच दिवशी ओळखला.

कचरूनं डोळे पुसले. "आमी बौद्ध, मावशी. काका गावचा येसकर व्हता. वेशीच्या दारात आडवं झोपायचं, गाव राखायचं. नामांतराचा ठराव झाला त्या साली त्याच गावानं आमची घरं जाळली. तवापासून तो बोलला नाय. एक दिवस निघून गेला."

दगडाबाईचा हात दादाच्या खांद्यावर होता. तो तिनं काढून घेतला. कचरूनं ते पाहिलं. दादानंही पाहिलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हात परत ठेववेना. फर्दापूरच्या नात्यात तिच्या मुलीची सोयरीक जुळत आली होती. तिथं हे कळलं तर ती मोडणार.

"भाऊबीज केली म्हनं तुमी," कचरू म्हणाला. "इथून पुढं ऱ्हाऊ द्या. आमी वाईट वाटून घेनार नाय."

तो हे इतक्या सवयीनं बोलला, की तेच तिला लागलं. राहतो कुठं एवढं सांगून तो चुलत्याला घेऊन गेला. त्या दिवशी दगडाबाईनं कुणालाच काही विचारलं नाही. सिस्टर मार्थांनी जवळ येऊन विचारलं, काय दुखतंय? तिनं नुसता तो हात पुढं केला.

पुढची दिवाळी आली. भाऊबिजेच्या सकाळी तिनं ताट तयार केलं तेव्हा त्रिंबकनं सोयरिकीची आठवण करून दिली. मोडली तर मोडू दे, असं ती म्हणाली खरी, पण ताट तिनं पदराखाली झाकून घेतलं. त्रिंबक तोंड फिरवून बसला. त्यानं अडवलं मात्र नाही.

कचरूच्या गल्लीच्या तोंडाशी नळावर बायका पाणी भरत होत्या. परकी बाई ताट घेऊन आलेली बघून त्यांनी माना वळवल्या. दगडाबाईनं विचारलं, माझ्या भावाचं घर कोणतं? एकीनं हंडा खाली ठेवला आणि भावाचं नाव विचारलं.

दगडाबाईनं ताट सावरलं. शहरभर चौकशा केल्या, पण नाव तेवढं विचारलंच नव्हतं. आधी दादा म्हणून भागलं, आणि जात कळल्यावर पुढचं काही ऐकायचा धीरच उरला नव्हता.

"ठाऊक नाय बाई. कचरूचा काका, बोलत नाय तो," ती म्हणाली. "पन भाऊ माझाच हाय. त्याचं नाव तुमीच सांगा मला."