भवानीची मेथी

प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांवर बंदी आली, ती मनापासून पाळली असेल तर सायखेड्याच्या कुसाबाईनं. बाकी बाजाराचं काय सांगावं! गंगेवर, म्हणजे नदीकाठी, पुलाजवळ भाजी विकणारी निम्मी माणसं पिशव्या गोणपाटाखाली दडवायची, आणि तपासणी पथकाची गाडी दिसली की खुशाल त्यावर बूड टेकून बसायची. कुसाबाईला ते जमलं नाही. ती दोनदा सापडली. दुसऱ्या खेपेला साहेबानं बजावलं, पुन्हा पिशवी दिसली तर दंडावर भागणार नाही, जागाच उठवू. तेव्हापासून तिनं पिशवी ठेवली नाही.

जागा म्हणजे तरी काय, एक गोणपाट अंथरण्यापुरती फरशी. पण ती सासूनं ऊनपाऊस खाऊन राखलेली. नवरा, बहिरू, अर्धांगानं खाटेला खिळलेला. घर चालायचं ते त्या फरशीवर. ती गेली तर दुसरीकडे कोण बसू देतंय?

आणि गिऱ्हाईक! जुडी उचलायचं, पिशवी मागायचं, नाही म्हटलं की जुडी टाकून शेजारच्या धोंडाबाईकडे वळायचं. हात हलवत बाजारात यायचं आणि पिशवी मात्र विकणाऱ्यानं द्यायची, ही कुठली रीत? कुसाबाईनं जुनी लुगडी फाडून पिशव्या शिवल्या. लोकांनी नेल्या, परत एकानं आणली नाही. शेवटी लुगडी संपली.

त्या बुधवारी उन्हं डोक्यावर आली तरी भवानी झाली नव्हती. मग आभा नावाची बँकेतली बाई आली. घासाघीस न करता तिनं मेथी घेतली, पैसे दिले. कुसाबाईनं ते कपाळाला लावले. तेवढ्यात आभानं पिशवी मागितली, आणि नाही म्हटल्यावर पैसे परत मागितले.

आता भवानीचे पैसे परत द्यायचे? पहिलं गिऱ्हाईक फिरवलं की दिवस फिरतो, हे तिच्या हाडात मुरलेलं. जवळ बहिरूच्या औषधांची प्लास्टिकची पिशवी होती. तिनं गोळ्या ओच्यात ओतल्या आणि त्या पिशवीत मेथी भरली. पिशवी पुढे करते तोच आभाच्या मागे पथकाचा साहेब उभा.

कुसाबाईनं त्याचे पाय धरले.

"साहेब, औषधाची हाय हो पिशवी. भवानी होती म्हणून दिली. जागा नका घेऊ, मालक खाटेवर हाय माझा."

साहेब काही राक्षस नव्हता. त्यानं मान फिरवली, दोनदा सांगितलं होतं म्हणाला, आणि माणसांना खूण केली. काटा गेला, पाटी गेली, गोणपाटही गेलं. उद्यापासून इथं दिसायचं नाही, असं सांगून गाडी निघाली. धोंडाबाई आपल्या गोणपाटावर घट्ट बसून टोमॅटो पुसत होती.

पिशवीही त्यांनी नेली होती. मेथी फरशीवर पडलेली. आभा ओशाळली होती, पण तोंडातून सवयीनं निघालंच, "मावशी, आता ही नेऊ कशात?"

दुसरी कुणी असती तर तिनं बाईचा उद्धार केला असता. कुसाबाईनं कमरेला खोचलेली चुंबळ काढली. डोक्यावर पाटीखाली धरून धरून विटलेलं ते फडकं. तिनं ते उलगडलं, झटकलं, त्यात मेथी बांधली आणि आभाच्या हातात दिली.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," ती म्हणाली. "मला आता डोक्यावर काय आणायचंय?"